डॉक्टरांच्या गाड्या आणि आण्णांचा गुडघा

यार्डचं नाव लिहिणार नाही हे आधीच सांगतो, कारण त्यांच्याकडून एक वस्तू अजून यायची बाकीये आणि उगाच संबंध बिघडवायचे नाहीत. नाशकात मुंबई-आग्रा हायवेच्या सर्विस रोडला सेकंडहँड गाड्यांची बरीच यार्डं आहेत त्यातलं एक. वर हिरवी नेट, खाली खडी, चाळीसेक गाड्या दाटीवाटीने उभ्या आणि काचेवर पांढऱ्या रंगाने किंमत. पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा कुठे कापला आणि एक कुठे कापला ते पुढे येईलच.

आमची गरज अशी होती की अल्टोला तेरा वर्षं झाली होती, तिची काही तक्रार नाही, पण आण्णा आता चौऱ्याहत्तरचे आहेत आणि उजवा गुडघा पार गेलाय. अल्टोतून उतरताना आधी काठी बाहेर, मग एक पाय, मग दाराची वरची पट्टी धरून "अरे देवा", मग दुसरा पाय. त्यात हिची शाळा नाशिकरोडला आणि आम्ही सिडकोत, म्हणजे रोज द्वारका चौकातलं ट्रॅफिक, आणि द्वारकेवर क्लच दाबून दाबून हिचा डावा पाय संध्याकाळी आण्णांच्या गुडघ्याशी स्पर्धा करतो. म्हणून ऑटोमॅटिकच पाहिजे हे ठरलेलं. बजेट साडेचार, ताणून ताणून पाच.

नवीन का नाही असं सगळ्यांनी विचारलं, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला (चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतचं इंजिन), वर सेस असायचा तोही गेला. खरंय, नवीन गाड्या चांगल्याच उतरल्या. पण उतरलेली किंमत जाहिरातीत दिसते ती बेस मॉडेलची, आम्हाला हवं ते ऑटोमॅटिक घ्यायला गेलं की आकडा वर सरकतो, मग महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, मग इन्शुरन्स, मग अमुक, मग तमुक. सेकंडहँडमधे रोड टॅक्स आधीच्या मालकाने भरून ठेवलेला असतो. आणि नवीन उतरल्या की जुन्यांनाही उतरावंच लागतं, हा मुद्दा यार्डवाल्यासमोर काढायला लई उपयोगी पडला.

तर रविवारी सकाळी मिसळ खाऊन आम्ही पाच जण तिथे. मी, ही, आण्णा, नववीतला मुलगा आणि आमचा मेकॅनिक, ज्याला सगळं अंबड उस्ताद म्हणतं. उस्तादला रविवारचे पाचशे रुपये आणि मिसळ द्यावी लागली, पण तो खर्च किती कामाचा होता ते बलेनोपाशी कळलं.

यार्डवर सेल्सवाला पोरगा होता, चोवीस-पंचवीसचा, बोलायला गोड, चहा लगेच मागवला. त्याच्या मते यार्डातली प्रत्येक गाडी सिंगल ओनर आणि डॉक्टरची. स्विफ्ट डॉक्टरांची, नियोस डॉक्टर मॅडमची, टियागो तर डॉक्टरांच्या मिसेसची, जी फक्त मंदिरात जायची. पाचव्या गाडीला आण्णा म्हणाले, "बाळा, नाशकात आजारी कोण पडतं मग?" पोरगा हसला, मग पुढच्या गाडीपासून त्याने मालकाला बँकेत लावलं.

आता गाड्या. शोरूममधे एकाच कंपनीच्या गाड्या असतात, त्यामुळे आपण तिथल्या तिथे तुलना करू शकत नाही, एक बघून दुसरीकडे जाईपर्यंत पहिलीची सीट कशी होती हे विसरायला होतं. इथे सहा वेगवेगळ्या गाड्या दहा पावलांत, एकीतून उतर, दुसरीत बस. यार्डला जे साडेतीन मिळालेत त्यातले दोन याचेच आहेत, आणि कोणी गाडीत बसायला नाही म्हणलं नाही, चाव्यांचा आख्खा जुडगा घेऊन पोरगा मागे फिरत होता.

पहिली स्विफ्ट, २०१९ ची, लाल. मला स्विफ्ट आवडते, चालवायला मजा येते हे कोणी नाकारणार नाही, पण मागे बसलं की खिडकीची कड वर चढत जाते आणि माणूस विहिरीत बसल्यासारखा होतो. डिकी २६८ लिटर, त्यात आण्णांचं कमोड चेअर घडी करूनही आडवं जाईना, आणि डिकीची कड उंच असल्यामुळे सामान उचलून आत सोडावं लागतं. आण्णा बसले, उतरताना मला हात द्यावा लागला. संपलं.

टियागो २०१९ ची एएमटी, म्हणजे ऑटोमॅटिकचाच एक प्रकार. मुलगा आत बसला आणि गाणी लावली आणि उतरायलाच तयार नाही, वरच्या मॉडेलमधे हर्मनची आठ स्पीकरची सिस्टीम आहे आणि खरंच ऐकत राहावं असा आवाज. ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाडी धडकवून सुरक्षा तपासतात त्या टेस्टचे, चार स्टार सेल्सवाल्या पोराने लगेच सांगितले, पण ते २०२० च्या टेस्टचे. जुन्या गाडीत स्टार सांगताना नेमक्या आपल्यासमोर उभ्या असलेल्या व्हर्जनला आणि व्हेरिअंटला काय लागू होतं ते विचारायचं असतं. मागची सीट आम्हाला आखूड पडली, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४०० मिलिमीटर आहे त्यामुळे असेल. मुलगा म्हणे पप्पा आजोबा पुढे बसतील ना. आजोबा पुढे बसले, आणि पुढूनही तेच, खाली बसायचं आणि वर उठायचं.

अल्ट्रोझ मात्र मनापासून आवडली. २०२१ ची निळी. दारं पूर्ण नव्वद अंशात उघडतात, म्हणजे काटकोनात, सासूबाईंसारख्या माणसाला साडीत बसायला याहून सोयीची दारं या साइजमधे मी बघितली नाहीत. जानेवारी २०२० मधे ग्लोबल एनकॅपमधे पाच स्टार. डिकी ३४५ लिटर, कमोड चेअर गेली आणि वर दोन बॅगा. दार बंद केल्यावर जो धप्प आवाज येतो त्यानेच अर्धा निर्णय होतो. पण ती मॅन्युअल होती. अल्ट्रोझला ऑटोमॅटिक मार्च २०२२ मधे आली, त्याच्या आधीची सेकंडहँड पेट्रोल घ्यायची तर क्लच दाबणं आलंच, आणि २०२२ नंतरची ऑटोमॅटिक आमच्या बजेटच्या बाहेर. ही दोन मिनिटं स्टिअरिंग धरून बसली आणि म्हणाली, "अहो, द्वारका." एवढंच.

नियोस २०२० ची एएमटी हिला सगळ्यात आवडली. मागे एसीचे व्हेंट आहेत, जे त्या वेळच्या स्विफ्टला नाहीत आणि वॅगनआरलाही नाहीत, आणि एप्रिलमधे शाळेसमोर उन्हात उभी केलेली गाडी ज्याने उघडलीये त्याला मागच्या व्हेंटची किंमत कळते. डॅशबोर्ड बघायला छान, फोर सिलिंडर इंजिन, आयडलला चालू आहे की बंद तेच समजत नाही. पण किंमत ५ लाख ४० हजार, किलोमीटर ६८ हजार, आणि पोरगा खाली यायला तयार नाही. "मॅडम, नियोस उभी राहत नाही, उद्या येतो कस्टमर." सेकंडहँड यार्डातला हा उद्याचा कस्टमर मी गेली वीस वर्षं ऐकतोय.

कोपऱ्यात पोलो होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. २०१८ ची, पांढरी, चाकणला बनलेली, आणि २०२२ ला भारतात पोलो बंद झाल्यापासून ज्यांच्याकडे आहे ते सोडत नाहीत आणि सोडली तर भाव लावतात. मी नुसतं आत बसतो म्हणून बसलो. स्टिअरिंगची पकड, दाराचं वजन, काय सांगू. बाहेरून आण्णा म्हणाले, "उतर आता, आपल्याला गाडी घ्यायचीये, बसायचा कार्यक्रम नाहीये." तिची उंची १४६९ मिलिमीटर, आण्णा तिच्यातून क्रेनने काढावे लागले असते. हे मला माहीत होतं. तरी बसलो.

यात मामाचाही सल्ला होता फोनवर. मामा महिंद्रातून रिटायर, त्याच्या दृष्टीने नाशिककराने एक्सयूव्ही थ्री डबल ओ सोडून काही घेणं म्हणजे गावाशी गद्दारी, कारण ती इथल्याच प्लँटमधे बनायची, आता थ्रीएक्सओ बनते. भक्कम आहेच, तिलाही २०२० मधे पाच स्टार. पण डिकी अडीचशे लिटरच्या आसपास आणि किंमत बजेटच्या वर, म्हणून मामाला हो हो म्हणून फोन ठेवला.

आता बलेनो. २०१९ ची, ग्रे, ऑटोमॅटिक, ४१ हजार किलोमीटर, ५ लाख १० हजार, बसायला ऐसपैस, डिकी ३३९. अंगावर एक चरा नाही. मी मनात हिशोब करायला लागलो होतो. उस्ताद काही बोलला नाही, बॉनेट उघडलं, बिजागरीच्या बोल्टवर बोट फिरवलं आणि मला बोलावलं. बोल्टच्या कडांचा रंग उडालेला, म्हणजे कुणीतरी पाना लावून खोललेत, कंपनीतून आलेल्या बोल्टवर रंगाचा अखंड थर असतो. मग पुढची रबर बीडिंग थोडी ओढली, आत पत्र्यावर कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल गोल ठसे एका अंतरावर दिसायला हवेत, उजवीकडे होते, डावीकडे नव्हते, तिथे नुसतं सीलंट थापलेलं. मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक छापलेलं असतं, त्यावरून वर्ष समजतं, बाकी सगळ्या २०१९ च्या आणि पुढची मोठी काच २०२२ ची. एक हेडलाइट पिवळसर, दुसरा चकाचक. पोरगा म्हणाला, "सर पार्किंगमधे थोडंसं लागलं होतं, फक्त बंपर." उस्ताद बॉनेट खाली घेत म्हणाला, "पार्किंगमधे अॅप्रन बदलत नाहीत भाऊ." अॅप्रन म्हणजे बॉनेटखालचा आतला पत्रा.

हा एक मार्क इथे गेला. गाडी ठोकलेली असणं हा गुन्हा नाही, नीट दुरुस्त केलेली गाडी वर्षानुवर्षं चालते, पण पहिल्यांदा विचारलं तेव्हा "नॉन-अॅक्सिडेंट, शंभर टक्के" असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. यार्डच्या मालकाने नंतर मान्य केलं, आणि भाव चाळीस हजारांनी पाडायलाही तयार झाला, पण माझं मन उडालं होतं.

मग शेवटी ती. वॅगनआर, २०२० ची, १.२ इंजिन, झेडएक्सआय, एजीएस म्हणजे मारुतीची एएमटी, सिल्व्हर रंग, दिसायला डबा. मला वॅगनआर कधीच आवडली नाही, खोटं कशाला बोलू. काचेवर ४ लाख ६० हजार. पोराने तिच्याबद्दल डॉक्टरसुद्धा लावला नाही. आण्णा चालत गेले, दार उघडलं, पाठ वळवली आणि बसले. खुर्चीत बसतात तसे. गाडीची उंची १६७५ आहे, स्विफ्टपेक्षा जवळपास सहा इंच जास्त, आणि सीट बरोबर त्यांच्या कमरेच्या लेव्हलला येते. मग उतरले. काठी नंतर बाहेर आली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघितलं, आण्णा म्हणाले, "हिला काय म्हणतात?"

इथे एक गोष्ट नीट लिहितो, कारण ती मला आधी माहीत नव्हती. शेजारीच दुसरी वॅगनआर होती, व्हीएक्सआय म्हणजे खालचं मॉडेल, २५ हजारांनी स्वस्त, बाकी दिसायला सेम. स्टिअरिंगवर एअरबॅग लिहिलेलं, पण डाव्या बाजूला डॅशबोर्डवर काहीच नाही. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून कंपल्सरी झाली, पण पुढच्या पॅसेंजरची सगळ्या गाड्यांना २०२२ उजाडेपर्यंत कंपल्सरी नव्हती, त्यामुळे मधल्या काळातल्या साध्या व्हेरिअंटमधे ती नसू शकते, ऑप्शनल घेतलं असेल तरच. आणि आण्णा बसणार कुठे, तर त्याच सीटवर. पोराला विचारलं तर म्हणतो सर दोन्ही आहेत. हात लावून दाखव म्हटलं तर "चेक करतो". बाकी सुरक्षेत वॅगनआरचा नंबर मागेच आहे हे कबूल, २०१९ मधे ग्लोबल एनकॅपने दोन स्टार दिले होते, आणि अल्ट्रोझचं दार लावून आलेल्या माणसाला हिचं दार बिस्किटाच्या डब्यासारखं वाटतं. हे समजून घेतली. रोजचं सिडको ते नाशिकरोड, महिन्यातून एकदा पिंपळगाव, वर्षातून एकदा वणी.

टेस्ट ड्राइव्ह हिने घेतली, सर्विस रोडने विल्होळीकडे आणि परत. २०२७ च्या सिंहस्थासाठी जिकडे तिकडे खोदून ठेवलंय त्यामुळे सस्पेन्शनची परीक्षा आपोआप झाली. एएमटी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मान डोलावते, सगळ्याच जुन्या एएमटी थोड्या डोलावतात, ही म्हणाली सवय होईल. चढावर थांबवून सोडून बघितली तर गाडी वीतभर मागे आली. हिल होल्ड वॅगनआरच्या ऑटोमॅटिकला २०२२ च्या मॉडेलपासून आलाय, या गाडीत नाही, म्हणजे नांदुरीच्या घाटात ट्रॅफिक अडकलं तर हँडब्रेक धरून निघायचं. मागे कोणी चिकटून उभा असेल तर त्याचं नशीब.

उस्तादने अर्धा तास घेतला. बोल्ट अखंड, ठसे दोन्हीकडे, काचा सगळ्या एकाच वर्षाच्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, पाण्यात बुडालेल्या गाडीचा बेल्ट आतल्या टोकाला चिखलाने डागाळलेला असतो आणि मुंबई-ठाण्याकडून आलेल्या गाड्यांना हे बघायचंच म्हणे. ही एमएच १५, म्हणजे नाशिकचीच होती, बेल्ट स्वच्छ. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोन टायर २०२० चे निघाले, म्हणजे कंपनीचेच, रबराला बारीक भेगा, ते बदलायलाच लागणार. बॅटरी मेलेली, जंप देऊन गाडी चालू केली होती. किलोमीटर ४७ हजार दाखवत होती. कंपनीच्या सर्विस सेंटरची शेवटची पावती ग्लोव्ह बॉक्समधेच सापडली, ४६ हजार २०० ची, चार महिन्यांपूर्वीची. मीटरला कोणी हात लावलेला नव्हता. तोपर्यंत मी एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून बघितलं, एकच मालक, लोन नाही, एक चलान बाकी, पाचशेचं. ते त्यांनी आमच्यासमोर भरलं, चांगली गोष्ट.

व्यवहार मालकाच्या केबिनमधे. दोन टायर, बॅटरी, महिन्याभरात संपणारा इन्शुरन्स, आणि नवीन वॅगनआरची बेस किंमत आता किती खाली आलीये, एवढे चार मुद्दे मी टेबलावर ठेवले. सुरुवात चार लाखापासून केली, तो ४ लाख ४५ ला अडला, आण्णा मधेच म्हणाले, "मला तीर्थप्रसादाला चहा नको, भाव सांगा." ४ लाख २० ला तुटलं. मग आलं फाइल चार्जेस साडेसात हजार आणि आरटीओचं वेगळं सहा हजार. हा अर्धा मार्क इथे गेला. नाव ट्रान्सफरची सरकारी फी काही शेकड्यांत असते, एजंटचे पैसे धरले तरी साडेतेरा हजार होत नाहीत. फाइल म्हणजे काय विचारलं तर त्याने खरोखर एक प्लॅस्टिकची फाइल काढून दाखवली. मी म्हटलं ही तर बोहरपट्टीत तीस रुपयांना मिळेल. हसला आणि फाइल चार्जेस काढले.

कागदांचं मात्र काम चोख केलं हे कबूल करायला हवं. नाव ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर आधीच्या मालकाच्या सह्या समोर घेतल्या, तो माणूस स्वतः आला होता, डॉक्टर नव्हता, एचएएलच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेला, ओझरचा, आण्णांच्याच वयाचा. त्याला गाडी विकताना वाईट वाटत होतं, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय म्हणून मुलाने त्याला गाडी चालवणं बंद करायला लावलं. त्याने आण्णांना अडकलेला वायपर कसा सोडवायचा ते दाखवलं. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घ्या असंही त्यानेच आठवण करून दिली, आणि त्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, हे यार्डवाल्याने सांगितलं नव्हतं, त्याने सांगितलं. चावी एकच मिळाली. दुसरी घरी कपाटात आहे, यार्डवर आणून देतो म्हणाला.

गाडी गुरुवारी मिळाली, धुतलेली, आत नको तेवढा सेंट मारलेला. नवश्या गणपतीला नेली, नारळ, लिंबू, सगळं. आता दीड महिना झाला. शहरात लिटरला चौदा-पंधरा देते, द्वारकेवर हिचा पाय शाबूत आहे. आरसी बुक पाच आठवड्यांनी पोस्टाने आलं.

दुसरी चावी आधीच्या मालकाने त्याच आठवड्यात यार्डवर नेऊन दिली, मी फोन करून विचारलं त्याला. यार्डवाले म्हणतात जुडग्यात मिसळलीये, शोधून उद्या देतो. चार वेळा जाऊन आलो. परवा गेलो तेव्हा तोच पोरगा एका जोडप्याला ग्रे बलेनो दाखवत होता, बँक मॅनेजरची म्हणून. माझ्याकडे बघून त्याने मान खाली घातली आणि लगेच म्हणाला, "सर, उद्या नक्की." पोलो अजून कोपऱ्यात तिथेच उभी आहे. बसलो नाही, नुसता दाराला हात लावून आलो.